दोघांनीच कॅन्यनच्या मुलखात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही ठाण्याचे नवरा-बायको, दोघंही पन्नाशीला टेकलेले, सह्याद्रीत वीसेक वर्षं भटकणारे. ऑक्टोबर २०२४ मध्ये भाड्याची गाडी घेऊन अमेरिकेतल्या युटा आणि अॅरिझोना राज्यांतल्या वाळवंटी दऱ्यांमध्ये तेरा रात्री काढल्या. परत आल्यापासून ट्रेकची मंडळी, सोसायटीतले शेजारी आणि लग्नाच्या पंगतीत भेटलेले लांबचे मेव्हणे, सगळे तेच तेच विचारतात. दरवेळी फोनवर सांगून घसा बसतो, म्हणून एकदाच लिहून ठेवलं.

म्हणजे तुम्ही ग्रँड कॅन्यनला गेला होतात, बरोबर?

तिथेही गेलो, पण शेवटी आणि एकच रात्र. खरा मुक्काम होता तो त्याच्या उत्तरेला, दक्षिण युटामध्ये. झायन, ब्राइस कॅन्यन, कॅपिटल रीफ, आर्चेस आणि कॅन्यनलँड्स ही पाच राष्ट्रीय उद्यानं तिथे एका माळेत आहेत. हा सगळा भाग कोलोरॅडो पठाराचा. पठार लाखो वर्षं वर उचललं जात राहिलं आणि नद्या त्याला खाली कापत राहिल्या. आपल्याकडे किल्ल्यावर जायचं म्हणजे आधी चढायचं. तिथे बऱ्याच ठिकाणी गाडी वर कड्यापाशी लागते आणि आधी उतरायचं असतं. ऐकायला सोपं वाटतं. दुपारी दोन वाजता, गुडघे बोलायला लागल्यावर चढ समोर येतो तेव्हा कळतं.

कधी जावं?

एप्रिलचा मध्य ते मेअखेर, किंवा सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर. उन्हाळ्यात झायनच्या तळाला पारा सहज ३८ अंशांच्या वर जातो. जुलै ते सप्टेंबर तिथेही पावसाळा असतो आणि त्याला तेही चक्क ‘मान्सून’च म्हणतात. आपल्यासारखी संततधार नाही. दुपारी ढग जमतात, तासभर कोसळतं, संपलं. पण तेवढ्यात काय होऊ शकतं ते खाली पुराच्या प्रश्नात लिहिलंय.

थंडीचं मात्र कुणी सांगितलं नव्हतं. ब्राइसचा कडा आठ हजार फुटांवर आहे, म्हणजे कळसूबाईच्या जवळपास दीडपट. सकाळी साडेसहाला सूर्योदय बघायला उभे राहिलो तेव्हा नवऱ्याने हातमोजे म्हणून जास्तीचे पायमोजे घातले होते. त्याच दिवशी दुपारी हाफ शर्टात फिरलो.

मार्ग कसा आखला?

लास वेगासला उतरून एक रात्र झोप काढली. मग झायनच्या दारातलं स्प्रिंगडेल गाव (३ रात्री), ब्राइस (१), एस्कलांटे (२), कॅपिटल रीफजवळचं टॉरी (१), मोआब (३), मॉन्युमेंट व्हॅलीवरून पेज (१), ग्रँड कॅन्यनचा दक्षिण कडा (१) आणि परत वेगास. गाडीच्या मीटरवर अडीच हजार किलोमीटरच्या आसपास भरले.

हे माझ्या मते अजूनही घाईचं होतं. आमच्या ओळखीत एका जोडप्याने हेच सगळं सहा दिवसांत ‘केलं’. त्यांच्याकडे फोटो आमच्यापेक्षा जास्त आहेत, पण प्रत्येक फोटोत मागे पार्किंग दिसतं. दिवस कमी असतील तर झायन, ब्राइस आणि एस्कलांटे एवढंच धरा आणि मोआब पुढच्या वेळी ठेवा.

ब्राइस ते टॉरी हा बारा नंबरचा राज्यरस्ता मात्र दिवसाउजेडीच करा. बोल्डर गावाच्या अलीकडे हॉगबॅक नावाच्या भागात रस्ता डोंगराच्या पाठीच्या कण्यावरून जातो. दोन्ही बाजूंना दरी, मध्ये दोन लेनचा डांबरी पट्टा. मी चालवत होते. शेजारून ‘अगं, हळू, हळू’ असा जप चालला होता आणि काटा ताशी तीस मैलांवर होता.

कोणती गाडी घ्यावी?

मुख्य रस्ते डांबरी आणि उत्तम आहेत, साधी सेडान पुरते. अडचण कच्च्या रस्त्यांवर येते. आम्ही उंच गाडी आरक्षित केली होती. काउंटरवर गेलो तर ‘तशी शिल्लक नाही, ही घ्या’ म्हणून एक बुटकी, चकचकीत सेडान हातात ठेवली. आरक्षणाच्या कागदावर ‘ही किंवा यासारखी’ असं बारीक अक्षरात असतं, त्यामुळे भांडून उपयोग झाला नाही. शिवाय बहुतेक करारांत कच्च्या रस्त्यावर गाडी न्यायला मनाई असते. टोइंगचा खर्च मग आपल्याच डोक्यावर.

एस्कलांटेजवळ होल-इन-द-रॉक नावाचा लांबलचक कच्चा रस्ता आहे. पीकाबू आणि स्पूकी या चिंचोळ्या घळी त्याच रस्त्यावर, पाऊण तास आत. रस्त्यावर आडव्या लाटा पडलेल्या असतात, पत्र्याच्या छपरासारख्या. पाचेक मैल गेलो. डॅशबोर्ड खडखडायला लागला, पाण्याची बाटली सीटखाली गेली, आणि दोघांनीही एकमेकांकडे न बघता एकदमच ‘वळूया’ म्हटलं. त्याऐवजी लोअर काफ क्रीकच्या धबधब्याला गेलो. जाऊन-येऊन सहा मैल, बहुतेक सपाट पण पाय रुतणारी वाळू, आणि शेवटी १२६ फुटांवरून पडणारं पाणी. तोट्यात गेलो नाही.

पेट्रोल अर्ध्यावर आलं की भरायचं. ग्रीन रिव्हर ते सलाइना या महामार्गाच्या टप्प्यात शंभराहून जास्त मैल एकही पंप नाही. आम्ही त्या टप्प्यावर गेलो नाही, पण नियम तिथल्यामुळेच लक्षात राहिला. मोबाइलची रेंज गावाबाहेर गेली की जाते. नकाशे आधीच उतरवून ठेवा.

पास आणि परवाने कुठले लागतात?

इथे नियम सारखे बदलतात, म्हणून निघण्याआधी राष्ट्रीय उद्यानांच्या सरकारी संकेतस्थळावर एकदा बघाच. आम्ही गेलो तेव्हा ८० डॉलरचा वार्षिक पास एका गाडीतल्या सगळ्यांना चालला. १ जानेवारी २०२६ पासून ८० डॉलरचा भाव फक्त अमेरिकेतल्या रहिवाशांना आहे. भारतातून जाणाऱ्यांना तोच पास २५० डॉलरला पडतो. पास न घेता गेलात तर ठरावीक ११ उद्यानांत सोळा किंवा त्याहून जास्त वयाच्या प्रत्येक परदेशी माणसामागे नेहमीच्या प्रवेशशुल्कावर आणखी १०० डॉलर. झायन, ब्राइस आणि ग्रँड कॅन्यन त्या अकरात आहेत. म्हणजे दोघांनी त्यांतली दोन उद्यानं बघितली तरी पास स्वस्त पडतो.

मॉन्युमेंट व्हॅली आणि अँटिलोप कॅन्यन ही चिंचोळी घळ, दोन्ही नावाहो या मूळ अमेरिकन आदिवासी लोकांच्या भूमीत आहेत. तिथे हा पास चालत नाही, वेगळे पैसे भरायचे. अँटिलोपमध्ये तर वाटाड्याशिवाय जाताच येत नाही.

झायनमधल्या एंजल्स लँडिंग या साखळ्या धरून चढायच्या सुळक्यासाठी एप्रिल २०२२ पासून सोडतीतून परवाना मिळतो. एक सोडत काही महिने आधी, दुसरी आदल्या दिवशी. आम्हाला आदल्या दिवशीची लागली. आर्चेसला त्या वर्षी सकाळी ७ ते संध्याकाळी ४ या वेळेत जायचं तर आधी आरक्षण लागायचं. आम्ही सरळ चारनंतर गेलो आणि डेलिकेट आर्च ही दगडाची कमान सूर्यास्ताला बघितली.

दोघांचा वेग वेगळा असेल तर भांडणं होत नाहीत का?

होतात. हा प्रश्न बायकाच जास्त विचारतात, आणि नवरे तेवढ्यात फोन बघायला लागतात.

मी भराभर चालते. नवरा दर पन्नास पावलांवर थांबून कॅमेरा काढतो. सह्याद्रीत ग्रुप असतो, त्यामुळे हे खपून जातं. दोघंच असलो की नाही. म्हणून निघण्याआधी घरीच दोन नियम केले. पहिला: परतीची वेळ सकाळी गाडीतून उतरतानाच ठरवायची. ठिकाण नाही, वेळ. कुठेही पोहोचलेलो असू, घड्याळात तेवढे वाजले की मागे फिरायचं. दुसरा: दोघांपैकी एकाने जरी ‘परत’ म्हटलं तर परत. कारण तिथे विचारायचं नाही, रात्री जेवताना विचारायचं.

कसोटी लागली झायनच्या नॅरोजमध्ये. व्हर्जिन नदीनेच कापलेली ही घळ, आणि नदीचं पात्र हीच पायवाट. घोट्यापासून कमरेपर्यंत थंडगार पाणी, तळाला गोलगोटे, हातात गावातून भाड्याने घेतलेली उंच काठी, पायात निओप्रीनचे (पाण्यात ऊब धरणाऱ्या रबराचे) मोजे आणि त्याच दुकानातले बूट. तेलकट कलिंगडांवरून चालल्यासारखं वाटतं. परतीची वेळ ठरली होती एक. पावणेएकला ऑर्डरव्हिल घळ उजवीकडून येऊन मिळते तिथे पोहोचलो. तिथून पुढचा भाग म्हणजे वॉल स्ट्रीट, दोन्ही भिंती जवळ येतात आणि आभाळाची फक्त चिंधी उरते. पंधरा मिनिटं आत गेलो. एक वाजला. पुढे एक वळण होतं आणि वळणाच्या आतून भिंतीवर नारिंगी उजेड पडला होता, जणू कुणी आत दिवा लावून ठेवलाय.

‘अरे, एवढं एकच वळण,’ मी म्हटलं.

त्याने मनगट वर केलं, घड्याळ दाखवलं आणि काठी टेकत वळला. मी अर्धा तास बोलले नाही. पाण्याच्या आवाजात ते त्याला कळलं की नाही, देव जाणे. परतताना मात्र माझा पाय दोनदा घसरला, दुसऱ्यांदा गुडघा दगडावर आपटला. रिव्हरसाइड वॉकच्या फरसबंद वाटेला लागलो तेव्हा साडेतीन वाजले होते आणि मी अक्षरशः कुडकुडत होते. रात्री जेवताना मी कारण विचारलं नाही.

एंजल्स लँडिंगला उलट झालं. परवाना दोघांचा होता, पण स्काउट लुकआउटपाशी पोहोचल्यावर त्याने पुढची साखळ्यांची धार बघितली आणि म्हणाला, ‘तू जा. मी इथे दशम्या राखतो.’ तिथपर्यंत परवाना लागत नाही, त्यामुळे एकाला मिळाला आणि दुसऱ्याला नाही, तरी एवढं तरी जोडीने करता येतं. मी वर जाऊन आले. ज्यांना हरिहरच्या पायऱ्या जमतात त्यांना साखळ्या जमतील, पण हरिहरला खोबणी आहेत आणि इथे नुसती धार आहे, समोरून उतरणारी माणसंही त्याच साखळीला. खाली आले तर दशम्या शाबूत, पण एका गुबगुबीत खारीने सॅकचा कप्पा कुरतडून शेंगदाण्याची चिक्की पळवली होती. तिथल्या प्राण्यांना खाऊ घालणं हा गुन्हा आहे. खारीने स्वतःच घेतलं तर काय, हे फलकावर लिहिलेलं नाही.

आभाळ निरभ्र असताना पूर येतो म्हणतात, ते खरं का?

खरं, आणि या पानावर एवढं एकच उत्तर वाचायचं असेल तर हे वाचा.

सह्याद्रीत माती, गवत, झाडं काही पाणी तरी धरून ठेवतात. तिथे मैलोन् मैल उघडा कातळ. पडलेला जवळजवळ प्रत्येक थेंब उताराने धावतो आणि सगळ्या उतारांचं तोंड त्या चिंचोळ्या घळीत. पाऊस दहा-पंधरा मैल लांब पडला तरी लोंढा तुमच्यापर्यंत येतो, तुमच्या डोक्यावर ऊन असताना. १२ ऑगस्ट १९९७ रोजी लोअर अँटिलोप कॅन्यनमध्ये अशाच लोंढ्यात ११ पर्यटक दगावले. १४ सप्टेंबर २०१५ रोजी झायनच्या कीहोल कॅन्यनमध्ये सात जण दगावले. ते सात जण मिळून दोर घेऊन घळीत उतरले होते.

झायनमध्ये रोज पुराच्या शक्यतेचा अंदाज लावलेला असतो. नदीचा प्रवाह सेकंदाला १५० घनफुटांच्या वर गेला की नॅरोज बंदच करतात. आपण मात्र ‘बंद नाही’ याचा अर्थ ‘सुरक्षित आहे’ असा घ्यायचा नाही. पाणी अचानक गढूळ झालं, काटक्या-पानं वाहत यायला लागली, वरच्या अंगाने घरघर ऐकू आली तर सामान न आवरता उंचावर चढायचं. सांधण दरीत पावसाळ्यात का उतरत नाहीत हे ज्यांना माहीत आहे त्यांना जास्त सांगायला नको. फरक इतकाच की सांधणला पावसाळा कॅलेंडरवर दिसतो.

पाणी किती न्यायचं?

दिवसभराच्या चालीला माणशी चार लिटर. घाम दिसत नाही, कारण हवा इतकी कोरडी की तो लगेच उडतो. टोपीच्या पट्ट्यावर मिठाची पांढरी रेघ उमटते, तीच घामाची खूण. नुसतं पाणी पीत राहिलं तर शरीरातलं मीठ कमी होऊन उलट्या आणि गरगरणं सुरू होतं, म्हणून खारे शेंगदाणे किंवा मीठ-साखरेचं पाणी सोबत हवंच. व्हर्जिन नदीचं पाणी गाळूनही पिऊ नका. त्यात विषारी शेवाळी जिवाणू २०२० पासून आढळलेत.

शाकाहारी माणसाचं कसं होतं?

छोट्या गावांत बीन्सचा बरिटो आणि पिझ्झा यांवर भागतं. आम्ही वेगासला वीस डॉलरच्या आत छोटा राइस कुकर घेतला. मेतकूट घरून नेलं होतं. तूप तिथल्या दुकानात मिळालं. मोटेलच्या खोलीत मेतकूट-भात आणि बाहेर लाल सुळक्यांवर चांदणं, यापेक्षा जास्त काय हवं. फोडणी मात्र करू नका, धुराचा भोंगा लगेच बोंबलतो. विमानतळावर खाण्याचे पदार्थ जाहीर करून मोकळे व्हा.

कॅपिटल रीफच्या फ्रुटा वस्तीत १८८० नंतर आलेल्या मॉर्मन कुटुंबांनी लावलेल्या फळबागा अजून राखल्या आहेत. हंगामात बागेत बसून फळ खायला पैसे पडत नाहीत, बाहेर न्यायचं तर वजन करून पेटीत पैसे टाकायचे. सफरचंदं अगदी हंगामाच्या शेवटाची होती, एका बाजूने उन्हाने भाजलेली. गोड होती.

सह्याद्रीतला सराव कामी येतो का?

दम आणि पाय, हो. पकड वेगळी आहे. आपला बेसाल्ट लाव्हाचा, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, काळा आणि पावसाळ्यात शेवाळलेला. तिथला नावाहो वालुकाश्म म्हणजे अठरा-एकोणीस कोटी वर्षांपूर्वीच्या वाळूच्या टेकड्याच दगड झालेल्या. भिंतींवर तिरक्या रेघा दिसतात, त्यावरून तेव्हाचा वारा कुठून वाहायचा हे भूशास्त्रज्ञ सांगतात. कोरडा असला की बूट असा चिकटतो की पहिल्या दिवशी गंमत वाटते. वर सुटी वाळू पसरलेली असेल तर मात्र बॉल बेअरिंगवर पाय पडल्यासारखं होतं. पाऊस पडून गेल्यावर हा दगड आतून ठिसूळ होतो, धरलेली कपार हातात येते.

डेलिकेट आर्चच्या वाटेवर मोठा उघडा कातळ चढायचा असतो. खुणा म्हणजे दगडांच्या लगोरी. स्वतःची लगोर रचू नका, मागचा माणूस तिच्यामागे जाऊन चुकतो. संध्याकाळी गेलात तर प्रत्येकाचा वेगळा हेडटॉर्च हवा. एक टॉर्च दोघांत वापरून बघितला. पुढच्याला उजेड, मागच्याला सावली.

वाटेवरच चाला, असा इतका आग्रह का?

वाटेच्या कडेला काळपट, खडबडीत, जळक्या भाकरीसारखी माती दिसते. ती जिवंत आहे. त्यात सूक्ष्म जीव, शेवाळ, दगडफूल यांचं जाळं असतं आणि तेच वाळू धरून ठेवतं. एक पाऊल पडलं की भरून यायला दशकं लागू शकतात. फोटोसाठी दोन पावलं आत जाणाऱ्याला एका आजीबाईंनी ज्या आवाजात हटकलं, तो आवाज मला माझ्या शाळेतल्या पीटीच्या बाईंचा वाटला.

घड्याळाचा गोंधळ काय असतो?

नेवाडा एका वेळेवर, युटा एक तास पुढे. अॅरिझोना उन्हाळी वेळ पाळत नाही, पण त्याच राज्यातली नावाहो भूमी पाळते. म्हणजे ऑक्टोबरात मॉन्युमेंट व्हॅलीत दहा वाजले की पेज गावात नऊ. फोन कुठला टॉवर पकडेल त्यावर भरवसा ठेवू नका. आम्ही अँटिलोपच्या फेरीला एक तास आधी पोहोचलो. उलटं झालं असतं तर पैसे गेले असते.

शौचाची सोय?

गाडीतळांवर आहे. घळीत नाही. मल घट्ट करून बंद करणारी पिशवी मिळते, ती न्यायची आणि भरली तर परत आणायची. लाज वाटते, मग सवय होते.

ग्रँड कॅन्यनमध्ये विष्णू आणि शिव कुठून आले?

क्लॅरेन्स डटन नावाच्या अमेरिकन भूशास्त्रज्ञाने १८८० च्या सुमारास तिथल्या सुळक्यांना पूर्वेकडच्या देवांची नावं दिली. विष्णू टेंपल, शिवा टेंपल ही त्याचीच. पुढे ब्रह्मा, बुद्ध, मनू, कृष्ण, रामही नकाशावर आले. मंदिर कुठलंच नाही, हे घरच्या ज्येष्ठांना आधी सांगा. माझ्या सासूबाईंनी फोनवर ‘नारळ फोडलात का?’ असं विचारलं. दरीच्या तळाशी नदीलगत जो काळा खडक दिसतो त्याचंही नाव विष्णूच. तो सुमारे पावणेदोनशे कोटी वर्षांपूर्वीचा आहे.

आम्ही साउथ काइबाब वाटेने फक्त सीडर रिजपर्यंत उतरलो. जाऊन-येऊन तीन मैल, अकराशे फुटांचा उतार आणि तेवढाच चढ. तिथे पाणी नाही. एका दिवसात नदीपर्यंत जाऊन परत येऊ नका, असं फलकावर मोठ्या अक्षरात लिहिलंय. उतरायला जितका वेळ लागतो त्याच्या दुप्पट वेळ चढायला धरायचा. आमची परतीची वेळ साडेनऊ ठरली होती. या वेळी मनगट मी दाखवलं.

गाडी परत देताना काही कटकट?

वेगासच्या अलीकडे एका नाणी टाकून चालणाऱ्या धुलाईवर गाडी धुतली. बाहेरून चकचकीत झाली. काउंटरवरच्या मुलाने दार उघडलं, पायपुसणं उचलून आपटलं, आणि लाल धुळीचा एक छोटा ढग त्याच्या पांढऱ्या शर्टावर बसला. ‘झायन?’ त्याने विचारलं. ‘आणि पुढे,’ नवरा म्हणाला. त्याने सही घेतली आणि जाऊ दिलं.